घर माझे, पण रस्ता कोणाचा?

घर माझे, जमीन माझी, पैसाही माझाच. मग दाराला कोणता रंग द्यावा हे मी सरकारला का विचारावे? आपल्या बेटावर हा प्रश्न वारंवार कानी येतो. पोर्ट लुईमध्ये वडिलोपार्जित दुकान असलेला माणूस तो विचारतो, आणि गावातले जुने लाकडी घर पाडून स्लॅबचे घर बांधू पाहणारा तरुणही विचारतो. प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्याला घर चालवायचे आहे, कर भरायचा आहे, गळके छप्पर दुरुस्त करायचे आहे, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणूनच या प्रश्नाला ज्या शहराने सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत चिकाटीने तोंड दिले, त्या शहराची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. ते शहर म्हणजे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स.

अमेरिका आणि आपले बेट यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. ज्या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीकडे अठराव्या शतकात आपले बेट होते, त्याच कंपनीकडे १७३१ पर्यंत लुइझियानाचाही कारभार होता. न्यू ऑर्लिन्सची स्थापना १७१८ ची; माहे द ला बुर्दोने आपल्याकडे आला तो १७३५ मध्ये. तिथेही ऊस, तिथेही गुलामगिरी, तिथेही क्रिओल बोली, तिथेही वादळे. आपण ज्याला लालो म्हणतो ती भेंडी तिथल्या प्रसिद्ध गंबोमध्ये पडते. आणि शहराच्या जुन्या भागाचे नाव आजही फ्रेंचच आहे: व्यो कारे, म्हणजे जुना चौक. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या जुन्या चौकात गेल्यावर पाहुण्याला दिसतात लोखंडी जाळीचे सज्जे, लाकडी झडपांच्या उंच खिडक्या, गिलावा केलेल्या विटांच्या भिंती, आणि आत अंगण. लोक त्याला फ्रेंच म्हणतात, पण खरे पाहता यातील बरेचसे स्पॅनिश राजवटीतले आणि त्यानंतरचे आहे. १७८८ च्या आगीत गावातील ८५० हून अधिक इमारती जळाल्या. १७९४ मध्ये पुन्हा आग लागली आणि आणखी दोनशेच्या वर गेल्या. मग स्पॅनिश गव्हर्नराने हुकूम काढले: मोठी घरे विटांची बांधा, छपरावर कौले घाला. म्हणजे ज्या सौंदर्यासाठी आज जगभरातून लोक तिथे येतात, ते घरमालकांच्या मनमानीतून जन्मले नाही, ते नियमातून जन्मले. आपल्या पोर्ट लुईलाही १८१६ च्या सप्टेंबरातील मोठ्या आगीने असाच धडा दिला होता. शेजाऱ्याच्या लाकडाने आपले घर जळते हे कळायला पदवी लागत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या चौकाची अवस्था केविलवाणी होती. श्रीमंत कुटुंबे केव्हाच दुसरीकडे गेली होती, मोठमोठ्या वाड्यांत इटलीहून आलेली गरीब कुटुंबे एकेका खोलीत राहत होती, आणि शहरातील शहाणे लोक म्हणत होते की हा उकिरडा पाडून टाका. पाडायला सुरुवातही झाली. रॉयल स्ट्रीटवर नवे न्यायालय बांधण्यासाठी घरांचा अख्खा एक चौकोन भुईसपाट केला गेला. १९१० मध्ये तिथे संगमरवरी न्यायमंदिर उभे राहिले. १९१५ च्या वादळात खिळखिळे झालेले सेंट लुई हॉटेल पाडले गेले. १९१९ च्या डिसेंबरात फ्रेंच ऑपेरा हाउस जळाले. दहा-पंधरा वर्षांत एवढे गेल्यावर काही लोक जागे झाले. त्यांत लेखक होते, चित्रकार होते, आणि एलिझाबेथ वर्लाइनसारख्या चिवट बायका होत्या. १९२५ मध्ये एक मंडळ नेमले गेले, पण त्याला केवळ सल्ला देण्याचा अधिकार. सल्ला फुकट असतो आणि फुकटच्या वस्तूची किंमत सर्वांना ठाऊक आहे.

पुढे १९३६ मध्ये लुइझियाना राज्याच्या घटनेतच दुरुस्ती झाली आणि १९३७ मध्ये शहराने तिच्या आधारे नियम केला. व्यो कारे कमिशन हे अधिकार असलेले मंडळ झाले. अमेरिकेत याआधी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये असाच नियम केला होता. तो तिथला पहिला. पण राज्यघटनेचा आधार मिळालेले हे मंडळ वेगळ्या ताकदीचे ठरले. नऊ सभासद, त्यांत वास्तुशास्त्रज्ञ, इतिहास संस्थेचे प्रतिनिधी, व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी. काम एकच: या चौकातील कोणत्याही इमारतीच्या बाहेरच्या अंगाला हात लावण्यापूर्वी मालकाने आपला बेत मांडायचा आणि मंडळाने तो तपासायचा.

‘बाहेरचे अंग’ हा शब्द लक्षात ठेवावा. आत तुम्ही संगमरवर घाला, स्वयंपाकघर हलवा, मंडळ विचारत नाही. पण भिंत, छप्पर, खिडकी, झडप, सज्जा, रंग, पाटी, दिवा, अंगण, गच्चीवर ठेवलेले वातानुकूलनाचे यंत्र, हे सगळे तपासणीत येते. मालक अर्ज करतो, सोबत फोटो आणि नकाशा देतो. काम किरकोळ असेल, जसा आहे तसा भाग दुरुस्त करायचा असेल, तर मंडळाचे कर्मचारीच परवाना देतात. मोठे काम वास्तुशास्त्रज्ञांच्या समितीपुढे जाते, तिथे सुधारणा सुचवल्या जातात, आणि पाडकाम किंवा नवे बांधकाम असेल तर संपूर्ण मंडळापुढे, उघड सभेत. शेजारी येऊन बोलू शकतात. मंडळाने नाही म्हटले तर शहर परिषदेकडे दाद मागता येते, तिथून न्यायालयात जाता येते. यातील कोणतीही पायरी बंद दाराआड नाही. आमच्या मते या मंडळाची अर्धी ताकद याच एका गोष्टीत आहे.

तपासणी करताना सगळ्या इमारतींना एकच माप लावले जात नाही. प्रत्येक इमारतीला रंगाने दर्जा दिलेला आहे. जांभळा म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाची, निळा म्हणजे वास्तुकलेच्या दृष्टीने थोर, हिरवा म्हणजे स्थानिक महत्त्वाची. त्यानंतर गुलाबी, पिवळा, नारिंगी अशी उतरंड लागते, आणि तपकिरी म्हणजे जिच्यामुळे परिसराची शोभा वाढत नाही ती. जांभळ्या इमारतीची एक झडप बदलायलाही दहा प्रश्न; तपकिरीला बरीच सूट. हे शहाणपणाचे आहे. मुंबईतही १९९५ मध्ये वारसा नियम आले तेव्हा इमारतींच्या तीन श्रेणी केल्या गेल्या. जिथे अशी प्रतवारी नसते तिथे एक तर सगळेच पवित्र होते, नाहीतर काहीच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घर माझे असताना मला विचारणारे तुम्ही कोण? हा प्रश्न न्यू ऑर्लिन्समध्ये न्यायालयात गेला, आणि गंमत अशी की पहिला मोठा खटला कोणत्याही वाड्याचा नव्हता. तो होता एका पेट्रोल पंपाच्या पाटीचा. पंपमालकाने तेल कंपनीची भली मोठी पाटी नियम डावलून लावली. त्याचे म्हणणे तर्काला धरून होते: माझा पंप अगदी नवा आहे, त्यात ऐतिहासिक असे काही नाही, मग जुन्या इमारतींचा नियम मला कसा लागू? १९४१ मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नियमाचा हेतू एकेक जुनी इमारत वाचवणे एवढाच नाही. वाचवायचे आहे ते सगळे मिळून झालेले रूप. न्यायाधीशांनी त्यासाठी फ्रेंच शब्दच वापरला: तू तांसांब्ल. इंग्रजी निकालपत्रात हे दोन फ्रेंच शब्द पडले आणि तेव्हापासून साऱ्या अमेरिकेतील वारसा कायद्याचे ते जणू बीजमंत्र झाले.

हे तू तांसांब्ल आपण थोडे नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडच्या चर्चेत नेमके हेच सुटते. आपण वारसा म्हटले की एखादे थिएटर, एखादे टपाल कार्यालय, एखादी मशीद, एखादे देऊळ असे मोजतो. यादी करतो, पाटी लावतो. पण दोन थोर इमारतींच्या मधला रस्ता काय? ती साधी दुकाने, वर राहायची खोली, पुढे लाकडी वारांग, म्हणजे आपल्या कोकणातली पडवीच म्हणा, पत्र्याच्या कडेला कातरलेली लाकडी झालर. यातील एकही घर एकटे थोर नाही. पण त्या रांगेतून तीन घरे काढा आणि तिथे काचेची सहा मजली इमारत उभी करा. मग ते थोर थिएटरही दवाखान्यात बसलेल्या म्हाताऱ्यासारखे अनोळखी लोकांत एकटे पडते.

दुसरा खटला अधिक कडू होता. ड्युमेन स्ट्रीटवरील एका मालकाला आपल्या घराशेजारचे, स्वतःच्याच मालकीचे, व्हिक्टोरियन काळातले छोटे घर पाडून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. ते घर थोर नव्हते, हे सर्वांनाच मान्य होते. वाद १९६३ पासून वर्षानुवर्षे चालला. अखेर १९७५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितले की नियम वैध आहे. मालकाला मालमत्तेतून सर्वाधिक नफा मिळालाच पाहिजे असा कोणताही घटनात्मक हक्क नाही, आणि वास्तू नीट राखण्याची जबाबदारी मालकावर टाकणे अन्यायाचे नाही. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकावर गगनचुंबी इमारत चढवू पाहणाऱ्या कंपनीलाही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेचे उत्तर दिले. भांडवलदारांच्या देशात, जिथे खाजगी मालमत्ता म्हणजे जवळजवळ धर्म, तिथे हा निकाल लागला आहे, याची आपल्याकडील ‘माझे घर, माझी मर्जी’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पण निकाल मालकाच्या विरुद्ध गेला म्हणून मालकाचे दुःख खोटे ठरत नाही. ते आम्हाला खरे वाटते. स्लेटचे छप्पर पत्र्यापेक्षा महाग असते. लाकडी झडप दर काही वर्षांनी रंगवावी लागते, प्लास्टिकची रंगवावी लागत नाही. व्यो कारेतील जुन्या विटा मऊ आहेत. त्यांच्या सांध्यात सिमेंट भरले तर सिमेंट टिकते आणि वीटच झिजून पडते, म्हणून मंडळ चुन्याचाच दर्जा धरायला सांगते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी सिमेंटवाल्यापेक्षा दुर्मीळ आणि महाग. (आपल्याकडे पोवळे जाळून चुना करणाऱ्या भट्ट्या होत्या हे नव्या पिढीला सांगावे लागते, मग तो लावणारे हात कुठून मिळणार?) अमेरिकेचे संघीय सरकार ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर वीस टक्के करसवलत देते खरे, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतीला; हॉटेलवाल्याला मिळते, स्वतःच्या घरात राहणाऱ्या विधवेला मिळत नाही. हुकूम दोघांना सारखा, मदत एकाला. ज्या मंडळाच्या हातात दंडाचा कागद आहे पण मदतीची पेटी नाही, ते मंडळ हळूहळू गरिबाला घर विकायला लावते. हे मंडळाने मुद्दाम केले असे कोणी म्हणणार नाही, पण परिणाम तोच.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९४० च्या सुमारास या चौकात दहा हजारांहून अधिक माणसे राहत होती. २०१० च्या जनगणनेत ती चार हजारांहून कमी भरली. भिंती तेवढ्याच, सज्जे तेवढेच, उलट अधिक नीटनेटके, माणसे गेली. दळणाची चक्की, किराणा दुकान, शाळा जिथे होती तिथे आठवणवस्तूंची आणि मद्याची दुकाने आली. शहराला हे कळत नव्हते असे नाही. १९६९ मध्ये चौकात नवी हॉटेले काढण्यास बंदी घातली गेली. २०१६ मध्ये पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घरे भाड्याने देण्याचे नियम आले, तेव्हा बोर्बन स्ट्रीटचा काही भाग सोडून जुन्या चौकात त्यास मनाई केली गेली. पण ही कामे व्यो कारे कमिशनच्या कक्षेबाहेरची. मंडळ खिडकीचा रंग पाहते. त्या खिडकीत संध्याकाळी दिवा लागतो की नाही हे पाहण्याचा अधिकार त्याला नाही.

एवढे असूनही, मंडळ नसते तर काय झाले असते, याचा पुरावा त्याच शहरात, चौकापासून चालत दहा मिनिटांवर उभा आहे. तो सांगितल्याशिवाय ही हकीकत अर्धीच राहील.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसिद्ध नगररचनाकार रॉबर्ट मोझेस यांनी न्यू ऑर्लिन्सला एक आराखडा दिला: नदीच्या काठाने, जुन्या चौकाच्या अगदी तोंडासमोरून, उंच खांबांवर जलद महामार्ग. साठच्या दशकात तो बांधायचे ठरले. म्हणजे जॅक्सन स्क्वेअर आणि त्याच्या बाजूच्या, १८५० च्या सुमारास बांधलेल्या पाँताल्बा इमारती यांच्या आणि मिसिसिपी नदीच्या मध्ये सहा पदरी पूल! शहरातील तरुण वकिलांनी आणि रहिवाशांनी मोठा लढा दिला. १९६५ मध्ये जुना चौक राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला होता, १९६६ मध्ये संघीय वारसा कायदा झाला होता, त्याचा आधार मिळाला. अखेर १९६९ च्या जुलैमध्ये केंद्रीय वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी तो मार्ग रद्द केला. वारशाच्या इतिहासात हा मोठा विजय म्हणून सांगतात.

त्याच वर्षांत, जुन्या चौकाच्या मागच्या अंगाला, रँपार्ट स्ट्रीट ओलांडून गेल्यावर ट्रेमे नावाची वस्ती लागते, तिथे दुसरा उंच महामार्ग बांधला जात होता. ट्रेमे ही अमेरिकेतील सर्वांत जुन्या काळ्या वस्त्यांपैकी एक. गुलामगिरीच्या काळातही तिथे स्वतंत्र काळ्या लोकांची स्वतःची घरे होती. क्लेबोर्न अॅव्हेन्यू हा त्यांचा मोठा रस्ता, मधोमध ओक वृक्षांच्या रांगा, दोन्ही बाजूंना काळ्या लोकांची दुकाने, विमा कचेऱ्या, औषधालये. मार्डी ग्राच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे झाडांखाली जेवायला बसत. १९६६ मध्ये ते ओक तोडले गेले आणि त्यांच्या जागी काँक्रीटचे खांब आले. तिथे नकाशा तपासणारे मंडळ नव्हते. उघड सभा नव्हती, जांभळा नव्हता, हिरवा नव्हता. नदीकाठचा मार्ग रद्द झाला, क्लेबोर्नवरचा पूर्ण झाला. एकच शहर, एकच दशक, दोन रस्ते.

आम्हाला या दोन रस्त्यांतले अंतर फार बोलके वाटते. तपासणीचा नियम चांगला की वाईट, हा वाद घालण्याआधी विचारायला हवे की तो कोणाच्या रस्त्याला लागू आहे. शहराने १९७६ मध्ये इतर वस्त्यांसाठी दुसरे मंडळ नेमले आणि पुढे १९९८ मध्ये ट्रेमेलाही संरक्षित भाग केले; पण तोवर ओक जाऊन तीस वर्षे झाली होती. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने पायाभूत सुविधांची योजना मांडली तेव्हा वस्त्या दुभंगणाऱ्या महामार्गांचे उदाहरण म्हणून क्लेबोर्नचेच नाव घेतले. तोडायला एक मोसम लागला, चूक कबूल करायला पंचावन्न वर्षे.

आणखी एक गोष्ट. शहराच्या साउथ रँपार्ट स्ट्रीटवर एक पडके विटांचे दुकान होते. लिथुआनियातून आलेल्या कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाचे. त्यांच्याकडे लहानपणी लुई आर्मस्ट्राँग काम करीत असे, तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला वादक. या इमारतीचे नाव राष्ट्रीय नोंदवहीत होते. पण अमेरिकेतील ती नोंदवही म्हणजे मानपत्र आहे. तिच्यामुळे खाजगी मालकाला इमारत दुरुस्त करावीच लागते असे नाही. इमारत वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळात कोसळली. यादीत नाव असणे आणि कोणीतरी दरवर्षी भिंतीची भेग पाहून मालकाला नोटीस देणे, यांतला फरक त्या विटांच्या ढिगाने दाखवला. जुन्या चौकात मालकाने दुर्लक्ष करून इमारत पडू देणे हाही नियमभंग धरला जातो. पाडायची परवानगी मिळत नाही ना, मग पावसालाच पाडू द्या, ही युक्ती जगभर चालते. आपल्याकडे वादळ वर्षातून एकदा तरी मदतीला येतेच.

आता आपल्याकडे पाहू. वारशाची जाणीव आपल्याला नाही असे कोणी म्हणू नये. २००३ चा राष्ट्रीय वारसा निधीचा कायदा आहे. आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला, आणि त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात काय बांधावे, किती उंच बांधावे, याचे मार्गदर्शक नियम २०११ पासून आहेत. तो पट्टा म्हणजे आपले छोटे व्यो कारेच. तिथल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीही न्यू ऑर्लिन्ससारख्याच आहेत: उशीर, खर्च, अनिश्चितता.

पण त्या घाटाची गोष्ट आपल्या घराण्यांनी तरी विसरू नये. १८४९ पासून तिथे डेपो होता. रत्नागिरीकडून, मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी त्याच परिसरात पहिले पाऊल टाकले. पुढे अनेक वर्षे ती जागा कोणालाही थोर वाटली नाही. मूळ डेपोचा निम्म्याहून कमी भाग आज उरला आहे. बाकीच्यावरून मोटारींचा रस्ता गेला. म्हणजे क्लेबोर्न आपल्याकडेही झाले, आणि आपल्याच पूर्वजांच्या डोक्यावरून झाले. गव्हर्नराच्या वाड्याला कोणी हात लावला नाही. कुल्यांच्या न्हाणीघरांवरून रस्ता नेताना कोणाला अर्ज करावा लागला नाही. १९८७ मध्ये जागेचे नाव बदलून आप्रवासी घाट झाले. आज पाहुणे ज्या सोळा पायऱ्या पाहायला येतात, त्या उरल्या हे नियमाचे श्रेय कमी आणि नशिबाचे अधिक.

म्हणून ‘माझे घर, माझी मर्जी’ हा युक्तिवाद आपल्या तोंडी शोभत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. मर्जी नेहमी मोठ्याची चालते. पोर्ट लुईत छोट्या दुकानदाराला नियमाचा जाच होतो हे खरे, पण शेजारचे तीन भूखंड विकत घेऊन बारा मजले चढवणाऱ्या कंपनीला अडवणारा नियमही तोच असतो. नियम काढा म्हणणारा छोटा दुकानदार कंपनीचेच काम फुकटात करतो.

पण नियम आणायचा तर न्यू ऑर्लिन्सची अर्धी नक्कल करू नये. दर्जे ठरवताना केवळ दगडी आणि फ्रेंच दिसणाऱ्या इमारती जांभळ्या-निळ्या होणार असतील तर मोठी गडबड होईल. ज्या बैठकीत उसाच्या शेतातून परतलेली माणसे कंदिलाच्या उजेडात पोरांना अक्षरे गिरवायला लावीत, ती पत्र्याची खोली कोणत्या रंगात बसते? चिनी वाण्याचे कोपऱ्यावरचे दुकान कोणत्या रंगात? १९६० च्या कॅरोल वादळानंतर लोकांनी कर्ज काढून बांधलेली पहिली काँक्रीटची घरे आता साठी ओलांडून गेली आहेत; तीही उद्या कोणाला तरी वारसा वाटतील, आणि वाटायला हवीत. वास्तुशास्त्रज्ञ हे एकट्याने ठरवू शकत नाहीत. मंडळावर अशी माणसे हवीत ज्यांची आजी त्या खोलीत शिकली.

दुसरे, मदतीची पेटी हुकमाच्या कागदाबरोबरच यावी. स्वतःच्या घरात राहणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या मालकाला लाकूड, चुना आणि गवंडी यांच्या वाढीव खर्चाचा ठरावीक भाग मिळाला पाहिजे, आणि तो काम चालू असताना मिळाला पाहिजे. काम संपल्यावर दोन वर्षांनी मिळणाऱ्या पैशाने छप्पर गळायचे थांबत नाही. किरकोळ दुरुस्तीचा परवाना कर्मचाऱ्याने आठवड्यात द्यावा. फुटकी फळी तशाच फळीने बदलायला समितीची सभा कशाला?

तिसरे, पाऊस आणि पाणी. ३० मार्च २०१३ च्या पुरात पोर्ट लुईमध्ये अकरा माणसे गेली. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळाने राजधानीचे रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. नकाशा तपासताना झालर जुन्या पद्धतीची आहे का, एवढेच पाहणाऱ्या मंडळाने अंगणात पाणी मुरायला जागा ठेवली आहे का, तळघर कुठे काढले आहे, हेही विचारले पाहिजे. २००५ मध्ये कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ऐंशी टक्के भाग बुडाला, पण जुना चौक बव्हंशी कोरडा राहिला, कारण अठराव्या शतकातल्या लोकांनी उंच जागा पाहून तो वसवला होता. जुन्या माणसांनी कुठे बांधले नाही, हेही त्यांच्या वारशातच येते.

राहता राहिली उघड सभा. व्यो कारे कमिशनची सभा कोणालाही पाहता येते. बेत भिंतीवर दिसतो, मालक बोलतो, शेजारीण बोलते, सभासद सर्वांदेखत मत देतात. आपल्याकडे शेजारच्या भूखंडावर काय येणार हे बहुधा पत्र्याचे कुंपण लागल्यावर कळते, आणि तेव्हा जुने घर आत पडलेले असते. पोर्ट लुईच्या मध्यभागात, यादीत असो वा नसो, कोणत्याही जुन्या इमारतीच्या पाडकामाचा अर्ज आला की त्याचा नकाशा निदान महिनाभर त्याच दारावर लावावा आणि हरकती उघड्यावर ऐकाव्यात, एवढी मागणी आपल्या संस्थांनी नगरपालिकेकडे आतापासून केली तर तिला नवा कायदा होईपर्यंत थांबावे लागणार नाही.